कॅप्टन विल्यम पील आणि सत्तावनचे रौप्यपदक

इंग्रजी अमलात लष्करी पदके पुष्कळ निघाली. त्यांपैकी ज्या एका पदकाशी आपल्या समाजाचा संबंध सर्वांत अवघड स्वरूपाचा आहे, ते पदक म्हणजे १८५७-५८ च्या उठावानंतर देण्यात आलेले चांदीचे पदक होय. त्याचा व्यास ३६ मिलिमीटर असून फीत पांढरी व तीवर दोन तांबडे पट्टे आहेत. एका बाजूस राणी व्हिक्टोरियाचे तरुण वयातील मुखचित्र आहे. दुसऱ्या बाजूस हाती विजयमाला घेतलेली ब्रिटानिया उभी असून तिच्या पाठीशी सिंह आहे. वर ‘इंडिया’ हा एकच शब्द आणि खाली १८५७–१८५८ ही साले. संग्राहक या पदकाला ‘इंडियन म्युटिनी मेडल’ म्हणतात, पण बंड किंवा उठाव या अर्थाचा शब्द पदकावर कोठेही नाही. कोणाविरुद्ध लढले, कशासाठी लढले, याविषयी ते मौन पाळते. ज्याला ते मिळाले त्याचे नाव मात्र कडेवर ठसविलेले असते.

पदकावरची चित्रे सर्वांना सारखीच असतात. इतिहास असतो तो कडेवरच्या नावात आणि फितीच्या खाली बसविलेल्या चांदीच्या पट्ट्यांत. या पट्टीस इंग्रजीत ‘क्लास्प’ म्हणतात आणि धारक कोणत्या मोहिमेत प्रत्यक्ष हजर होता हे तिच्यावरून कळते. या पदकासाठी पाच पट्ट्या ठरविण्यात आल्या : दिल्ली, लखनौचे संरक्षण, लखनौची सुटका, लखनौ आणि मध्य हिंदुस्थान. या पाच पट्ट्यांत काय आहे आणि काय नाही, हे ध्यानात घेण्यासाठी एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याचे चरित्र फार उपयोगी पडते. त्याचे नाव कॅप्टन सर विल्यम पील. समुद्रावरचा हा माणूस समुद्रापासून शेकडो मैल आत, गंगा-यमुनेच्या दुआबात येऊन तात्या टोपे यांच्या फौजेशी लढला आणि कानपुरातच मरण पावला.

विल्यम पील यांचा जन्म २ नोव्हेंबर १८२४ रोजी झाला. इंग्लंडचे पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांचे ते तिसरे चिरंजीव. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे चौदाव्या वर्षाच्या सुमारास, १८३८ मध्ये, ते नौदलात दाखल झाले आणि १८४० च्या सीरियाच्या किनाऱ्यावरील मोहिमेत त्यांनी पहिली लढाई पाहिली. वडिलांच्या नावाचा फायदा त्यांना झालाच नाही असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु १८४४ मध्ये त्यांनी नौदलाची परीक्षा ज्या तऱ्हेने दिली तिची वाखाणणी झाली, हेही तितकेच खरे. १८४९ मध्ये, म्हणजे वयाच्या पंचविशीच्या आत, ते कॅप्टन झाले. मधल्या काळात अरबी भाषेचा अभ्यास करून त्यांनी न्यूबियाच्या वाळवंटातून प्रवास केला आणि १८५२ मध्ये त्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले.

त्यांची खरी कीर्ती झाली ती क्रिमियाच्या युद्धात. ‘डायमंड’ या युद्धनौकेचे ते कप्तान होते. सेवास्तोपोलच्या वेढ्यात जहाजांवरील तोफा आणि खलाशी जमिनीवर उतरवून त्यांची एक ‘नौदल ब्रिगेड’ उभारण्यात आली. जहाजावरच्या जड तोफा हाताळण्याची सवय असलेला खलाशी जमिनीवरच्या मोर्चातही तितकाच कामाचा ठरतो, हा धडा इंग्रजांनी येथे पुरता गिरविला. १८ ऑक्टोबर १८५४ रोजी शत्रूचा एक गोळा वात जळत असतानाच दारूच्या पेट्यांमध्ये येऊन पडला. पील यांनी तो उचलून मोर्चाच्या भिंतीपलीकडे फेकून दिला. पुढे ५ नोव्हेंबरला इंकरमनच्या लढाईत ते होते आणि १८ जून १८५५ रोजी रेडान या बुरुजावरील हल्ल्यात शिड्या वाहून नेणाऱ्या तुकडीच्या अग्रभागी राहून ते जबर जखमी झाले. या तीन प्रसंगांबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. २४ फेब्रुवारी १८५७ रोजी राजपत्रात नाव आलेल्या पहिल्या मानकऱ्यांपैकी ते एक होत.

रेडानच्या त्या दिवशी त्यांच्या सोबत दोन कोवळे मिडशिपमन होते. त्यांपैकी एव्हलिन वुड पुढे नौदल सोडून सैन्यात गेले, उठावाच्या अखेरच्या पर्वात मध्य हिंदुस्थानात आले आणि १८५८ मधील सिंदवाहोच्या चकमकीतील कामगिरीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून शेवटी फील्ड मार्शल झाले. दुसरे एडवर्ड सेंट जॉन डॅनियल यांना पील यांच्याच बरोबरीने हा क्रॉस मिळाला होता. पण १८६१ मध्ये गैरवर्तनाच्या कारणावरून तो काढून घेण्यात आला. व्हिक्टोरिया क्रॉस गमावणारे ते पहिले मानकरी. पराक्रम घडला तो घडलाच, परंतु पदक देणे व परत घेणे हे सरकारच्या हाती असते, हे या एका उदाहरणावरून दिसते. पुढील विवेचनात हा मुद्दा आपल्याला लागणार आहे.

१८५६ च्या सप्टेंबरात पील यांच्याकडे ‘शॅनन’ ही वाफेवर व शिडांवर चालणारी नवी, ५१ तोफांची फ्रिगेट सोपविण्यात आली. तिचे गंतव्य होते चीन. तेथे इंग्रजांचे दुसरे अफूयुद्ध चालू होते आणि लॉर्ड एल्जिन तिकडे वकील म्हणून निघाले होते. हिंदुस्थानातील उठावाची वार्ता पूर्वेकडे पोहोचताच एल्जिन यांनी ‘शॅनन’ आणि ‘पर्ल’ या दोन नौका कलकत्त्याकडे वळविल्या. ऑगस्ट १८५७ मध्ये ‘शॅनन’ कलकत्त्यास लागली आणि १४ ऑगस्टला पील सुमारे चारशे खलाशी व नौसैनिक घेऊन नदीमार्गे अलाहाबादकडे निघाले.

बरोबर होत्या जहाजावरच्या आठ इंची तोफा. एकेक तोफ तीन टनांहून जड. ऐन पावसाळ्यातील गंगेचा प्रवाह अंगावर घेत आगबोटीने ओढलेल्या पडावांतून ही अवजड सामग्री वर न्यायची होती. अलाहाबाद गाठण्यास ऑक्टोबर उजाडला. मागाहून लेफ्टनंट व्हॉन आणखी एक तुकडी घेऊन आले. कलकत्त्याच्या बंदरातील व्यापारी जहाजांवरचे खलाशी भरती करून ती तयार केलेली होती. अलाहाबादच्या किल्ल्यातून चोवीस पौंडी तोफा मिळाल्या. तेथून पुढे तोफा ओढण्याचे काम बैलांकडे गेले आणि बैल अडले की खलाशी स्वतः दोरांना खांदा देऊ लागले.

१ नोव्हेंबरला खजुहा येथे मोठी चकमक झाली. तुकडीचे प्रमुख कर्नल पॉवेल पडले आणि पायदळासह सर्व सेनेची सूत्रे पील यांच्या हाती आली. जहाजाच्या कप्तानाने पायदळाची लढाई चालविणे ही त्या काळीही नवलाचीच गोष्ट होती. ती लढाई त्यांनी जिंकली. तेथून ते सरसेनापती सर कॉलिन कॅम्पबेल यांच्या सैन्याबरोबर लखनौकडे गेले. रेसिडेन्सीत अडकलेल्या इंग्रजांची सुटका हे त्या मोहिमेचे उद्दिष्ट होते.

१६ नोव्हेंबर १८५७ चा शाह नजफचा प्रसंग ‘शॅनन’च्या इतिहासात सर्वांत गाजलेला आहे. शाह नजफ म्हणजे अवधचे बादशहा गाजीउद्दीन हैदर यांची कबर असलेली इमारत. भिंती अतिशय जाड, आत बंदूकधारी शिपायांची दाटी. दुरून तोफा डागून भिंत ढासळेना, तेव्हा पील यांनी तोफा भिंतीपासून अवघ्या काही यार्डांवर नेल्या. शत्रूच्या फ्रिगेटला आपले जहाज भिडवावे तशी ही वागणूक होती, अशा आशयाची प्रशंसा कॅम्पबेल यांनी आपल्या खलित्यात केली आहे. एका तोफेवरचे सर्व लोक मरून वा जखमी होऊन केवळ दोघे शिल्लक राहिले : लेफ्टनंट टॉमस यंग आणि खलाशी विल्यम हॉल. हे दोघे तोफ भरीत व डागीत राहिले. हॉल हे नोव्हा स्कोशियातील कृष्णवर्णीय गृहस्थ. त्यांचे आईवडील अमेरिकेतील गुलामगिरीतून सुटून आलेले होते. यंग, हॉल, नोवेल सॅल्मन आणि जॉन हॅरिसन अशा चौघा ‘शॅनन’करांना त्या दिवसाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गुलामगिरीतून निसटलेल्या कुटुंबाचा मुलगा दुसऱ्या एका पराधीन होत असलेल्या देशात साम्राज्याचा सर्वोच्च सन्मान मिळवितो, हा विरोधाभास वाचकांच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही.

एवढे होऊनही तोफांनी ती भिंत फुटली नव्हती, हे सांगितले पाहिजे. अंधार पडू लागला तेव्हा अग्निबाणांच्या आडोशाने तोफा मागे घेण्याची तयारी चालली होती. तेवढ्यात ९३ व्या हायलँडर पलटणीच्या सार्जंट पेटन याला मागील बाजूस एक खिंडार सापडले. आतील लोक तोवर निघून गेले होते. शौर्य आणि यश यांची गाठ नेहमीच सरळ पडत नाही.

इकडे कॅम्पबेल लखनौत गुंतलेले असताना तात्या टोपे यांनी कानपूर गाठले होते, आणि येथेच पील यांच्या चरित्राला आपल्या इतिहासाचा धागा येऊन मिळतो. तात्यांच्या हाताशी होते ते ग्वाल्हेर काँटिंजंट. या फौजेविषयी आपल्याकडे थोडा गैरसमज आढळतो. नावावरून ती शिंद्यांची मराठी फौज वाटते. प्रत्यक्षात ती १८४४ च्या तहानंतर शिंद्यांच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली ठेवलेली सेना होती आणि तिच्यातील शिपाई बहुतांशी अवधकडचे पुरबिये होते. त्या तहाच्या आधी २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर व पनिहार येथे शिंद्यांच्या सैन्याचा पराभव झाला होता. त्या विजयाचे पदक म्हणून इंग्रजांनी काढलेला सहा टोकांचा ‘ग्वाल्हेर तारा’ हा मराठ्यांच्या जिंकून घेतलेल्या तोफांच्या धातूचा ओतलेला होता. पराभूताची तोफ वितळवून विजेत्याच्या छातीवर लावावी, अशी ती कल्पना. जी काँटिंजंट फौज त्या विजयातून जन्मली तीच १४ जून १८५७ रोजी मुरारच्या छावणीत उठली आणि पाच महिन्यांनी तात्यांच्या नेतृत्वाखाली कानपुरावर चालून गेली.

२६ ते २८ नोव्हेंबर या तीन दिवसांत तात्यांनी जनरल विंडहॅम यांच्या सैन्याला शहरातून मागे रेटून खंदकाच्या आश्रयास जाण्यास भाग पाडले. हे विंडहॅम सामान्य अधिकारी नव्हते. ज्या रेडानवर पील जखमी झाले, त्याच रेडानवरील पुढच्या हल्ल्यात नाव कमावलेले ते सेनानी होते. येवल्याच्या ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या आणि ब्रह्मावर्तास पेशव्यांच्या आश्रयाने वाढलेल्या माणसाने युरोपातील युद्धावर तयार झालेल्या सेनापतीस हटवावे, ही त्या वर्षातील विलक्षण घटनांपैकी एक आहे. कॅम्पबेल तातडीने परतले. त्यांनी प्रथम लखनौहून आणलेल्या बायकामुलांना व जखमींना अलाहाबादकडे रवाना केले आणि ६ डिसेंबर १८५७ रोजी लढाई दिली. कालव्यावरील पूल हा तात्यांच्या बाजूचा महत्त्वाचा मोर्चा होता. पील यांच्या खलाशांनी एक चोवीस पौंडी तोफ गोळीबारातून त्या पुलावर ओढून आणली आणि तेथून डागली. पूल गेला, मोर्चा फुटला, काँटिंजंट काल्पीच्या रस्त्याने मागे सरले. झाशी आणि ग्वाल्हेरच्या पुढील घटनांचा पाया या माघारीत आहे, कारण काल्पी हेच त्यानंतर तात्या व रावसाहेब यांचे मुख्य ठाणे झाले.

मार्च १८५८ मध्ये लखनौवर अंतिम चढाई झाली. ९ मार्चला मार्टिनियरजवळ पाहणी करीत असताना पील यांच्या मांडीत गोळी लागली. तोवर त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला होता. परत नेताना अवधच्या नवाबाची एक गाडी खलाशांनी त्यांच्यासाठी सजविली होती, परंतु ती नाकारून इतर जखमींप्रमाणे डोलीतूनच जाण्याचे त्यांनी पसंत केले. त्या डोलीतून आधी देवीचा रोगी नेला असावा, असे सांगितले जाते. कानपुरात त्यांना देवी आल्या आणि २७ एप्रिल १८५८ रोजी वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. उठावाचे पदक जाहीर झाले ते त्याच वर्षीच्या ऑगस्टात. म्हणजे ज्या पदकाशी ‘शॅनन’चे नाव कायमचे जोडले गेले, ते पदक तिच्या कप्तानाच्या दृष्टीसही पडले नाही.

आता पट्ट्यांकडे वळू. ‘शॅनन’च्या लोकांना ‘लखनौची सुटका’ आणि ‘लखनौ’ या पट्ट्या मिळाल्या. त्यांच्याबरोबरच कलकत्त्यास आलेल्या ‘पर्ल’च्या खलाशांनी कॅप्टन सॉदबी यांच्या हाताखाली गोरखपूर, बस्ती, अमोढा या भागांत वर्षाहून अधिक काळ अनेक चकमकी केल्या. पण त्या मुलखाच्या नावाची पट्टीच ठरलेली नसल्यामुळे त्यांना नुसते पदक मिळाले. आणि कानपूर? कानपूर नावाची पट्टी नाही. सत्तावनच्या उठावाचे नाव काढताच इंग्रज माणसाच्या मनात जे शहर प्रथम उभे राही, जेथे सतीचौरा घाट आणि बीबीघर येथील हत्या झाल्या व त्यांच्या सूडापायी इंग्रजांनीही अमानुष कृत्ये केली, जेथे विंडहॅम हरले आणि कॅम्पबेल जिंकले, जेथे पील लढले व निवर्तले, त्या शहराची खूण या पदकावर नाही.

ज्यांनी सरकारी दप्तरात आयुष्य घालविले आहे त्यांना यात फारसे आश्चर्य वाटणार नाही. कोणतीही यादी नियमाने तयार होते. नियमाला मुलूख लागतो, आरंभाची व अखेरची तारीख लागते, आणि त्या चौकटीच्या बाहेर पडलेला माणूस कितीही झिजला तरी यादीबाहेरच राहतो. १८६८ मध्ये या पदकाचा नियम सैल करून शस्त्र धरलेल्या किंवा गोळीबारात सापडलेल्या इतरांनाही ते देण्यात आले, यावरून पहिली चौकट अपुरी होती हे सरकारनेही मानले असे म्हणता येते. तेव्हा पदक हे पुरावा म्हणून मोलाचे खरे, पण त्यावरून शौर्याचे माप काढू नये. धारक कोठे हजर होता एवढेच ते सांगते. तो इतर कोठे हजर होता, हे ते सांगत नाही.

पाचवी पट्टी, ‘मध्य हिंदुस्थान’, ही आपल्या घराण्यांच्या सर्वांत निकटची. जानेवारी ते जून १८५८ या काळात सर ह्यू रोझ यांच्या हाताखाली झाशी, कूंच, काल्पी आणि ग्वाल्हेर येथे लढलेल्यांना ती प्रामुख्याने मिळाली. ती केवळ गोऱ्यांना मिळाली असे नाही. रोझ यांच्या सेनेत मुंबई इलाख्याच्या २४ व २५ क्रमांकाच्या देशी पलटणी होत्या, औरंगाबाद-हिंगोलीच्या छावण्यांतून आलेले हैदराबाद काँटिंजंट होते. मुंबईच्या पलटणींत कोकणातले व देशावरचे मराठी शिपाई होते. म्हणजे झाशीच्या तटाच्या आत मराठी बोलणारी माणसे होती आणि बाहेरही होती. आतल्यांना पदक मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्यातील एकाने, वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी, वेढा आणि त्यानंतरची लूट डोळ्यांनी पाहून उतारवयात ती लिहून ठेवली आणि १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्य यांनी ‘माझा प्रवास’ या नावाने तो वृत्तान्त छापला. ‘शॅनन’च्या बाजूने एडमंड व्हर्नी या तिच्या अधिकाऱ्याचे पुस्तक १८६२ मध्येच निघाले होते. एका बाजूची हकीकत चार वर्षांत छापली गेली, दुसऱ्या बाजूचीस जवळजवळ पन्नास वर्षे वाट पाहावी लागली. जित आणि जेते यांच्यातील अंतर या दोन सालांत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

पील यांच्या स्मृतीचे पुढे काय झाले तेही सांगण्याजोगे आहे. इंग्लंडात बेडफर्डशरमध्ये त्यांनी स्वखर्चाने सँडी ते पॉटन असा सुमारे साडेतीन मैलांचा लोहमार्ग घातला होता. तो १८५७ च्या नोव्हेंबरात, ते लखनौच्या रणात असतानाच, सुरू झाला. त्यावरील छोट्या इंजिनाला ‘शॅनन’ हे नाव मिळाले आणि ते इंजिन आजही जतन केलेले आहे. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस ग्रीनिचच्या नौदल संग्रहालयात आहे. विल्यम थीड या शिल्पकाराने घडविलेला त्यांचा पुतळा कलकत्त्याच्या ईडन गार्डनमध्ये होता. स्वातंत्र्योत्तर काळात तो बराकपूरला हलविण्यात आला. ज्या बराकपुरात २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडे यांनी बंदूक उचलली, त्याच बराकपुरात पील आता उभे आहेत. सरकारी जागेच्या सोयीने झालेल्या या योजनेत इतिहासाने आपला न्याय आपणच साधला, असे कोणी म्हटले तर त्यास हरकत घेता येणार नाही.

पील यांच्या धैर्याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. जळता गोळा हाताने उचलणारा, आणि सजविलेली गाडी सोडून साध्या डोलीत बसणारा माणूस शत्रुपक्षात असला तरी मोठाच. परंतु ते धैर्य ज्या कारणासाठी खर्ची पडले ते कारण आपले नव्हते, हेही तितक्याच शांतपणे म्हणता आले पाहिजे. या दोन विधानांपैकी एक खरे असल्यास दुसरे खोटे ठरते, असे मानण्याची सवय आपल्याला लागली आहे. जुन्या घराण्यांनी ती सोडावी, कारण त्यांच्याच माजघरांत दोन्ही बाजूंच्या खुणा एकत्र नांदत आल्या आहेत. एखाद्या फडताळात ब्रह्मावर्ताहून आलेली पेशवेकालीन समई असते आणि त्याच घरच्या पेटीत कोणा पूर्वजाचे चांदीचे बिल्ले असतात. त्यांपैकी दुसऱ्याविषयी घरात सहसा बोलले जात नाही.

अशी पेटी ज्यांच्याकडे असेल त्यांना एक व्यवहारी विनंती. पदक चिंच किंवा पॉलिश लावून घासू नये, कारण वारंवार घासल्याने अक्षरे बोथट होतात. ते उजेडात तिरपे धरून भिंगाने कडा वाचावी, नाव व पलटण टिपून घ्यावी आणि फितीखाली कोणती पट्टी आहे ते पाहावे. त्यावरील नाव कोणत्या बाजूचे, ही चर्चा त्यानंतर हवी तितकी करता येईल. नाव झिजून गेल्यावर मात्र हाती केवळ थोडी चांदी उरेल, आणि तिची किंमत सराफ सांगेल.